वाचक विचारतात : ध्रुवावरचे वीर आणि हुकूमशाहीतले लोकरंजन

गेल्या अंकात ‘चेल्युस्किन’ या सोव्हिएत जहाजावर एक लहानसे टिपण आले होते. १९३४ साली हे जहाज आर्क्टिक समुद्रात बुडाले, बर्फावर अडकलेल्या १०४ माणसांना विमानांनी सोडवले आणि स्टालिनच्या राजवटीने त्या सुटकेचा देशभर उत्सव केला, एवढाच त्या टिपणाचा विषय होता. त्यावर विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आलेली पत्रे आमच्या अपेक्षेपेक्षा चोखंदळ निघाली. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना वाचकांनी बर्फाविषयी इतक्या आस्थेने लिहावे, यात नवल नाही. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहोत.

जहाज बुडाले म्हणजे मोहीम फसली. मग मिरवणूक कशाची काढली, असा प्रश्न माझ्या नववीच्या मुलांनी विचारला. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
– एक शिक्षिका, ता. आर्णी, जि. यवतमाळ

आपल्या मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मोहीम फसलीच होती. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने एकाच उन्हाळ्यात पॅसिफिकपर्यंत जहाज नेता येते, हे १९३२ मध्ये ‘सिबिर्याकोव’ या जहाजाने दाखवून दिले होते. तेही शेवटच्या टप्प्यात पाण्याखालचा पंखा गमावल्यावर, ताडपत्र्यांची शिडे करून. त्या यशाच्या भरात डिसेंबर १९३२ मध्ये उत्तर सागरी मार्गाचे स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले आणि गणितज्ञ ऑट्टो श्मिट यांच्याकडे त्याची सूत्रे आली. पुढच्याच वर्षी हाच प्रवास एका मालवाहू जहाजाने करून दाखवायचे ठरले. डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘चेल्युस्किन’ हे काही बर्फ फोडणारे जहाज नव्हते. कप्तान व्लादिमिर व्होरोनिन यांना जहाज पाहताक्षणीच त्याच्या ताकदीविषयी शंका आली होती, तरीही जहाज निघाले.

नोव्हेंबर १९३३ मध्ये ते बर्फात अडकलेल्या स्थितीतच वाहत वाहत बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचले होते. मोकळे पाणी हाकेच्या अंतरावर असताना प्रवाह फिरला आणि बर्फासकट जहाज मागे ओढले गेले. ‘लित्के’ या बर्फ फोडणाऱ्या जहाजाची मदत घेण्याचे ठरले तोवर वेळ निघून गेली होती. १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाच्या दाबाने जहाजाची बाजू फाटली. सामान उतरवून घेण्यापुरती उसंत मिळाली आणि जहाज तळाशी गेले. साठ्याची व्यवस्था पाहणारा बोरिस मोगिलेविच हा तरुण शेवटच्या क्षणी घरंगळलेल्या सामानाखाली सापडून गेला. मोहिमेतला तो एकमेव मृत्यू.

आता मिरवणुकीकडे वळू. बर्फावरच्या छावणीत एर्न्स्ट क्रेंकेल नावाचा बिनतारी यंत्रचालक होता. त्याचे संदेश मॉस्कोत पोहोचत होते आणि तेथून वर्तमानपत्रांत व रेडिओवर रोजच्या रोज येत होते. सरकारने सुटकेसाठी कुइबिशेव या वरिष्ठ नेत्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि संपूर्ण देशाला, आजच्या भाषेत सांगायचे तर, मालिकेतील पुढच्या भागाची वाट पाहायला लावले. दोन महिने लोक श्वास रोखून होते. १३ एप्रिल रोजी शेवटची माणसे बर्फावरून उचलली गेली आणि तीनच दिवसांनी, १६ एप्रिलला, ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब नव्याने निर्माण करण्यात आला. त्याचे पहिले मानकरी हे सात वैमानिक ठरले : ल्यापिदेव्स्की, लेवानेव्स्की, मोलोकोव, कामानिन, स्लेप्न्योव, वोदोप्यानोव आणि दोरोनिन. सुटका झालेल्यांना घेऊन रेल्वेगाडी व्लादिवोस्तोकहून निघाली, वाटेतल्या स्थानकांवर सत्कार स्वीकारत आली आणि १९ जूनला मॉस्कोच्या लाल चौकात त्यांच्यावर अक्षरशः फुलांचा आणि पत्रकांचा पाऊस पडला.

यात खोटे काय होते, असे मुले विचारतील. वैमानिकांचे धाडस खोटे नव्हते, बर्फावरच्या माणसांचा संयम खोटा नव्हता, लोकांचा आनंदही खोटा नव्हता. वगळलेला होता तो एकच प्रश्न : हे जहाज तेथे पाठवले कोणी आणि का? तो विचारण्यासाठी ना विरोधी पक्ष होता, ना स्वतंत्र वर्तमानपत्र. अशा राजवटीत अपघाताला अपघात म्हणून जागाच नसते. जे बरे घडते ते नेत्याच्या दूरदृष्टीने घडते आणि जे वाईट घडते ते कोणीतरी मुद्दाम घडवलेले असते. ‘चेल्युस्किन’चे नशीब असे की, त्याच्या बुडण्याला पहिल्या रकान्यात बसवता आले. हीच चूक तीन वर्षांनी पुन्हा झाली तेव्हा ती दुसऱ्या रकान्यात गेली. ते पुढे येईलच.

झाडीपट्टीत मंडईच्या हंगामासाठी या विषयावर तीन अंकी नाटक लिहीत आहे. रंगमंचावर दाखवण्याजोगे पण खरे प्रसंग कोणते? आणि तेथील सामान्य माणूस या वीरांविषयी आपसात काय बोलत होता?
– एक नाटककार, ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

प्रसंगांची आपल्याला वाण पडणार नाही. काही खात्रीचे सांगतो.

पहिला प्रसंग धावपट्टीचा. विमान उतरायचे तर बर्फाचा सपाट पट्टा हवा, आणि छावणीतील माणसे कुदळी, फावडी, ओढगाड्या घेऊन तो तयार करीत. तो तयार होई आणि रात्रीत बर्फाला भेग पडून दुभंगे. मग दुसरी जागा शोधायची आणि पुन्हा कुदळ हाती घ्यायची. ल्यापिदेव्स्की पहिल्यांदा तेथे उतरला तो ५ मार्च १९३४ रोजी, आणि त्याआधीचे त्याचे अठ्ठावीस प्रयत्न हवामानाने हाणून पाडले होते. त्या एका फेरीत त्याने दहा स्त्रिया आणि दोन मुली नेल्या. त्यांतील एक मुलगी अवघ्या सहा महिन्यांची होती. जहाज कारा समुद्रातून जात असताना तिचा जन्म झाला, म्हणून आईवडिलांनी तिचे नाव करीना ठेवले. आपल्या प्रेक्षकांतील आयाबायांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रसंग मोलोकोव याच्या विमानाचा. मोलोकोव आणि कामानिन यांची विमाने दोन आसनांची होती. अशा विमानातून एका फेरीत किती माणसे नेणार? पंखांखाली हवाईछत्र्या ठेवण्यासाठी प्लायवूडच्या लांबट पेट्या बसवलेल्या असत. मोलोकोवने त्या रिकाम्या करून त्यांत माणसे घातली. माणसाने डोके पुढे करून आत सरकायचे, हात अंगाशी घट्ट धरायचे, मागून झाकण लागायचे आणि इंजिनाच्या घरघरीत, गोठवणाऱ्या थंडीत, अंधारात किनारा येईपर्यंत तसेच पडून राहायचे. या युक्तीने एकट्या मोलोकोवने ३९ जणांना बाहेर काढले. लाकडी खोके आणि एक कंदील एवढ्या साहित्यात हा प्रवेश आपल्या मंडळींना उभा करता येईल, आणि त्यात एकही संवाद नसला तरी चालेल.

तिसरा प्रसंग तंबूतला. माणसांनी धीर सोडू नये म्हणून श्मिट, छातीपर्यंत रुळणारी दाढी सांभाळीत, संध्याकाळी व्याख्याने देत; त्यांत विज्ञान असे, तसेच मार्क्सचे तत्त्वज्ञानही असे. छावणीचे एक भित्तिपत्रक निघत असे, त्याचे नाव ‘हार मानणार नाही’. चित्रकार रेशेत्निकोव त्यासाठी व्यंगचित्रे काढी, आणि चित्रीकरणासाठी आलेल्यांपैकी शाफ्रान बर्फावरही कॅमेरा चालवीत राहिला. त्याच चित्रफितीवरून पुढे बोलपट निघाला आणि तो खेडोपाडी दाखवला गेला. एक गोष्ट मात्र नाटकात विसरू नये : लेवानेव्स्की आणि स्लेप्न्योव यांची विमाने अलास्कातून विकत घेतलेली अमेरिकी विमाने होती आणि त्यांच्यासोबत दोन अमेरिकी तंत्रज्ञही होते. त्यांना लेनिन पदक मिळाले. परंतु उत्सवाच्या गोष्टीत ते कायम कोपऱ्यातच उभे राहिले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. अधिकृत स्वर उत्साहाचा होता आणि तो खालपर्यंत झिरपला होता. मुले गल्लीत बर्फावरची छावणी मांडून खेळत, आणि श्मिट व्हायचे कोणी यावरून भांडणे होत. मोहिमेच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून नवजात बालकांची नावे ठेवल्याच्याही नोंदी सांगितल्या जातात. पण त्याच काळात एक खट्याळ गाणेही तोंडोतोंडी पसरले होते. गुन्हेगारी वस्तीतल्या एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर कोणा अज्ञात माणसाने शब्द बसवले होते. आशय असा की, कप्तानाने जहाज घालवले आणि आता बक्षीस घ्यायला चालला आहे! तेथील वर्तमानपत्रात जो प्रश्न कधी छापला गेला नाही, तो लोकांनी गाण्यात विचारला. आपल्याकडच्या दंडारीतल्या विनोदी पात्राला पाटलाची टर उडवण्याची जी मुभा असते, तशी मुभा त्या गाणाऱ्याला नव्हती. नाव कळले असते तर त्याची धडगत नव्हती. नाटकात हे गाणे कोणा दारुड्याच्या तोंडी घालू नये, ही आमची विनंती. ते शहाण्या माणसाचे गाणे आहे. आणि स्टालिनला खलपुरुषाचे विकट हास्य देण्याचा मोह टाळावा. तो पडद्यावर हसरा, प्रेमळ, पाइप ओढणारा बापमाणूस म्हणूनच दाखवला जात असे, आणि त्या भूमिकेचे भय त्यातच आहे.

‘चेल्युस्किन’च्या मागोमाग राजकैद्यांनी भरलेले दुसरे जहाज होते आणि त्याला मुद्दाम बुडवण्यात आले, असा व्हिडिओ गावातील सर्वांच्या मोबाइलवर फिरत आहे. हे खरे आहे काय?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

नाही. ‘पिझ्मा’ नावाच्या त्या तथाकथित जहाजाची कथा सोव्हिएत राजवट कोसळल्यानंतर, दडवलेल्या गोष्टी बाहेर येण्याच्या काळात पसरली. अभ्यासकांनी डेन्मार्कमधील जहाजबांधणीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे जुळे जहाज बांधले गेल्याचा मागमूस लागला नाही. छावणीतील शंभरावर माणसांपैकी अनेक जण पुढे दीर्घकाळ जगले, त्यांच्या आठवणी उपलब्ध आहेत. त्यांतही ते जहाज नाही.

मात्र ही कथा लोकांना खरी का वाटली, हे समजण्यासारखे आहे. ज्या सरकारने इतके दडवले, त्याने हेही दडवले असेल असे वाटणे स्वाभाविकच. आणि कैद्यांचा आर्क्टिक खरोखरच होता. त्यासाठी काल्पनिक जहाजाची गरज नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये ईशान्य सायबेरियातील कोलीमाच्या सोन्यासाठी ‘दालस्त्रोय’ ही यंत्रणा उभी राहिली. १९३५ मध्ये नोरील्स्कच्या निकेल कारखान्याचे काम कैद्यांच्या हातांनी सुरू झाले. व्होर्कुटाचा कोळसाही कैद्यांनीच खणला. कोलीमाला माणसे जात ती व्लादिवोस्तोकच्या बाजूने, जहाजांच्या तळघरात कोंबून. म्हणजे ज्या शहरातून वीरांची सजवलेली गाडी मॉस्कोकडे निघाली, त्याच शहरातून उलट दिशेला कैद्यांची जहाजे सुटत होती. वीरांच्या आर्क्टिकवर चित्रपट निघाले, गाणी झाली, खेळणी झाली. कैद्यांच्या आर्क्टिकचे नाव घेणे हाच गुन्हा होता. व्हिडिओ पाठवणाऱ्या मित्राला आपण हे सांगावे. खरी हकीकत बनावट हकीकतीपेक्षा कमी भयानक नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झालो, तिकिटांचा संग्रह करतो. माझ्याकडे उत्तर ध्रुवावरील चार सोव्हिएत संशोधकांचे १९३८ चे तिकीट आहे. हे चौघे कोण आणि त्यांचे पुढे काय झाले?
– एक निवृत्त पोस्टमन, ता. वरुड, जि. अमरावती

हे चौघे म्हणजे इव्हान पापानिन, एर्न्स्ट क्रेंकेल, प्योत्र शिर्शोव आणि येवगेनी फ्योदोरोव. क्रेंकेल म्हणजे ‘चेल्युस्किन’च्या छावणीतलाच बिनतारीवाला. पापानिन हा मूळचा नौसैनिक आणि क्रांतीनंतरच्या काळात क्रिमियातील गुप्त पोलिसांच्या सेवेत राहिलेला. शिर्शोव समुद्रजीवांचा अभ्यासक आणि फ्योदोरोव भूचुंबकत्वाचा. २१ मे १९३७ रोजी वोदोप्यानोवने चालवलेले विमान उत्तर ध्रुवाजवळ तरंगत्या बर्फावर उतरले. त्या पाठोपाठ आणखी विमानांतून तंबू, अन्न, यंत्रे आली आणि मग हे चौघे व ‘वेस्योली’ नावाचा कुत्रा यांना तेथे ठेवून विमाने परतली. तरंगत्या बर्फावरचे हे जगातले पहिले संशोधन केंद्र. बर्फ जाईल तिकडे जायचे, एवढाच मार्ग. पवनचक्कीवर विजेरी भरून क्रेंकेल संदेश पाठवी. शिर्शोव बर्फाला भोक पाडून कित्येक किलोमीटरचा दोर सोडी, आणि तो हाताने गुंडाळून वर काढायला चौघांचे कित्येक तास जात. ध्रुवाजवळ समुद्राची खोली चार हजार मीटरहून अधिक आहे, वरच्या गार पाण्याखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा थर आहे, आणि निर्जीव मानल्या गेलेल्या त्या भागातही जीवसृष्टी आहे, हे त्यांनी सिद्ध केले. विज्ञान म्हणून हे काम आजही अस्सल आहे. २७४ दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९३८ रोजी, ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत विरघळत चाललेल्या बर्फावरून ‘ताइमिर’ आणि ‘मुर्मान’ या जहाजांनी त्यांना उचलले. डिसेंबर १९३७ मध्ये, अजून बर्फावर वाहत असतानाच, ते सोव्हिएत संसदेवर निवडूनही आले होते! मतदारसंघात एकही सभा न घेता निवडून येणाऱ्या उमेदवाराचा हेवा आपल्या जिल्हा परिषदेतील कोणालाही वाटेल.

आता तारखा जुळवून पाहाव्यात, कारण तिकिटावर त्या नसतात. चौघे ध्रुवावर उतरले त्यानंतर तीन आठवड्यांनी, १२ जून १९३७ रोजी, सोव्हिएत सेनेचा अव्वल सेनानी मार्शल तुखाचेव्स्की याला स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. त्यानंतर सहा दिवसांनी, १८ जूनला, चकालोव हा वैमानिक मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट अमेरिकेला निघाला आणि सर्व वर्तमानपत्रांची पहिली पाने त्याची झाली. २ मार्च १९३८ रोजी क्रांतीच्या काळातील जुना नेता बुखारिन आणि इतरांवरचा मॉस्कोतील तिसरा मोठा खटला सुरू झाला. बुखारिनला १५ मार्चला मृत्युदंड देण्यात आला. पापानिन आणि त्याचे साथीदार लेनिनग्राडच्या बंदरात उतरले तोही दिवस १५ मार्चच. स्वागताचे वाद्यवृंद आणि मृत्युदंडाचे फर्मान एकाच वर्तमानपत्रात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या रकान्यांत छापले जात होते. यामागे कोणी बसून तारखा जुळवल्या असे म्हणता येत नाही. पण एकीकडे शत्रू सर्वत्र दडले आहेत असे सांगणाऱ्या सरकारला दुसरीकडे निष्कलंक, हसतमुख, दाढी वाढलेली माणसे दाखवणे किती उपयोगाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या उत्तरात उल्लेखलेला दुसरा रकाना येथे येतो. १९३७ च्या शरदात नियोजनाचा विचका झाला आणि सागरी मार्गावरील २६ जहाजे बर्फात अडकून पडली. ‘चेल्युस्किन’च्या वेळी एक जहाज बुडाले तर उत्सव झाला, येथे जहाजे अडकली तर घातपाताचे आरोप झाले. बर्फाला अटक करता येत नाही, म्हणून जलमापक, भूवैज्ञानिक, अधिकारी यांना अटक झाली. आर्क्टिक संस्थेचे प्रमुख राहिलेले रुदोल्फ समोइलोविच यांना १९३८ मध्ये पकडले आणि मार्च १९३९ मध्ये गोळी घातली. श्मिट यांचा जीव वाचला, पण १९३९ मध्ये त्यांची जागा पापानिनकडे गेली.

आणि शिर्शोव? तो मंत्री झाला. त्याची पत्नी येवगेनिया गार्कुशा ही चित्रपटांतून काम करणारी अभिनेत्री होती. १९४६ मध्ये तिला अटक झाली, कोलीमाला पाठवण्यात आले आणि १९४८ मध्ये ती तेथेच मरण पावली. आपल्या संग्रहातील तिकिटावरचा एक चेहरा त्या नवऱ्याचा आहे. तो वीर होता, मंत्री होता, आणि तिला सोडवू शकला नाही.

संग्राहक म्हणून आपल्याला आणखी एक तिकीट ठाऊक असावे. १९३५ च्या आरंभी ‘चेल्युस्किन’च्या सुटकेची मालिका निघाली, तीत लेवानेव्स्कीच्या चित्राचे तिकीट होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोला उड्डाण करणार होता, म्हणून त्या तिकिटावर उड्डाणाचे शब्द आणि नवी किंमत छापून घेण्यात आली. विमान निघाले आणि तेलाची गळती लागल्याने वाटेतूनच परतले. तिकीट मात्र तयार होते! त्यातील काहींवर ती छपाई उलटी पडली, आणि ती आज लिलावात अफाट किमतीला जातात. स्वतः लेवानेव्स्की ऑगस्ट १९३७ मध्ये पुन्हा ध्रुवावरून निघाला आणि पाच साथीदारांसह कायमचा नाहीसा झाला. आपल्याकडे असे तिकीट असल्यास नवशिक्या विक्रेत्याला दाखवू नये. बनावट छपाईची तिकिटे बाजारात बरीच आहेत, त्यामुळे पारखी माणसाकडूनच खात्री करून घ्यावी.

हे सर्व रशियातच घडले काय? इतर हुकूमशहांनी ध्रुवांचा असा वापर केला नाही का?
– एक शेतकरी वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

केला, पण कोणालाही तो इतका साधला नाही.

इटलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. वायुनौका बांधणारे उंबेर्तो नोबिले यांनी १९२६ मध्ये नॉर्वेचे ध्रुवसंशोधक अमुंडसेन यांच्यासोबत ‘नॉर्गे’ या वायुनौकेतून ध्रुव ओलांडला, तेव्हा मुसोलिनीच्या राजवटीने त्यांना डोक्यावर घेतले. १९२८ मध्ये ते ‘इटालिया’ घेऊन पुन्हा गेले आणि २५ मे रोजी परतीच्या वाटेवर वायुनौका बर्फावर आदळली. काही जण बर्फावर फेकले गेले. उरलेल्या सहा जणांना घेऊन फुग्याचा वरचा भाग वाऱ्याबरोबर निघून गेला आणि ते कधीच सापडले नाहीत. वाचलेल्यांकडे एक लहान बिनतारी यंत्र होते, पण ज्या इटालियन जहाजाने त्यांची हाक ऐकायची तेच नीट कान देत नव्हते. ती हाक अखेर ऐकली उत्तर रशियातील व्होझ्नेसेन्ये-व्होख्मा या आडगावातल्या निकोलाय श्मिट या तरुणाने, घरी जुळवलेल्या रेडिओवर, ३ जून १९२८ रोजी. (ऑट्टो श्मिट यांच्याशी त्याचा काही संबंध नाही.) मग अनेक देशांची पथके निघाली. शोधाला निघालेले अमुंडसेन स्वतःच विमानासह हरवले. शेवटच्या माणसांना जुलैमध्ये उचलले ते ‘क्रासिन’ या सोव्हिएत जहाजाने, आणि त्या मोहिमेचे नेतृत्व केले होते समोइलोविच यांनी. वर ज्यांच्या शेवटाविषयी लिहिले, तेच.

जखमी नोबिले यांना एका स्वीडिश वैमानिकाने इतरांच्या आधी उचलून नेले. कप्तान आधी निघून आला, या एका गोष्टीवर फॅसिस्ट वर्तमानपत्रे तुटून पडली आणि चौकशी समितीने १९२९ मध्ये सगळा दोष त्यांच्या माथी मारला. दोन वर्षांत जयजयकाराचे छी-थू झाले. येथेही तेच : यश राष्ट्राचे, अपयश एका माणसाचे. नोबिले पुढे वायुनौका बांधण्यासाठी सोव्हिएत संघात गेले. त्यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘व्ही-६’ ही वायुनौका फेब्रुवारी १९३८ मध्ये पापानिनच्या सुटकेसाठी निघाली असता कांदालाक्षाजवळ एका डोंगरावर आदळली; एकोणिसांपैकी तेरा जण गेले. आणि ज्या खेड्यातल्या पोराच्या कानांमुळे नोबिले वाचले, त्या निकोलाय श्मिटला १९४२ मध्ये ताश्कंदमध्ये गोळी घालण्यात आली. गावात यंत्र दुरुस्त करणारा, रात्र-रात्र रेडिओला कान लावून बसणारा मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याला ‘परदेशाशी संपर्क ठेवणारा’ ठरवायला किती वेळ लागणार?

नाझी जर्मनीची मोहीम त्या मानाने कोरडी होती. ‘श्वाबनलांड’ हे जहाज १७ डिसेंबर १९३८ रोजी हांबुर्गहून अंटार्क्टिकाकडे निघाले. हेतू वीरश्रीचा नव्हता, तेलाचा होता : देवमाशांची चरबी मार्गारीनसाठी हवी होती आणि शिकारीच्या प्रदेशावर हक्क सांगायचा होता. दोन विमानांतून हजारो छायाचित्रे घेण्यात आली आणि स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे बाण बर्फावर टाकण्यात आले. मोहीम परतली आणि काही महिन्यांत युद्ध सुरू झाले, त्यामुळे तिच्यावर लोकरंजनाचा इमला उभा करायला त्यांना सवडच मिळाली नाही. तो इमला युद्धानंतर इतरांनी उभा केला. बर्फाखालील गुप्त तळ, उडत्या तबकड्या वगैरे गोष्टी आपल्याही मोबाइलवर आल्या असतील. त्यांत तथ्य नाही.

या मोहिमेशी आपला एक संबंध मात्र आहे, आणि पत्रात आपण भारताच्या केंद्राविषयीही विचारले आहे म्हणून सांगतो. मोहिमेतील रिखार्डहाइन्रिख शिर्माखर या वैमानिकाला १९३९ च्या आरंभी विमानातून बर्फाच्या मधोमध उघड्या खडकांच्या बुटक्या टेकड्या आणि गोड्या पाण्याची तळी दिसली. त्या टेकड्यांना त्याचेच नाव मिळाले. भारताचे ‘मैत्री’ हे केंद्र १९८९ पासून तेथेच आहे, आणि तेथील एका तळ्याचे पाणी आपले शास्त्रज्ञ पितात. शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात अंटार्क्टिका बहुधा खालच्या पट्टीत कापलेली असते. त्याऐवजी मोठा ॲटलास घेऊन ७० अंश ४५ मिनिटे दक्षिण आणि ११ अंश ४४ मिनिटे पूर्व या ठिकाणी शोधावे.